स्नायू आखडतो कसा : एका कोड्याची बावीसशे वर्षे

प्राण्याच्या शरीराला उभे ठेवतात ती हाडे, पण त्या हाडांना हलवतो तो स्नायू. स्नायूला करता येते ते एकच काम : आखडणे. त्याला ढकलता येत नाही, फक्त ओढता येते. म्हणून कोपर दुमडायला एक स्नायू लागतो आणि सरळ करायला त्याच्या विरुद्ध बाजूचा दुसरा. पळणे, पोहणे, उडणे, बोलणे, श्वास घेणे आणि हृदयाचे ठोके या सगळ्यांच्या मुळाशी हीच एक क्रिया आहे. मऊ मांसाचा गोळा क्षणात आखूड आणि कठीण होतो, वजन उचलतो आणि पुन्हा सैल पडतो. हे नेमके कसे घडते, याचा पहिला ठोस तर्क इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मांडला गेला आणि खरे उत्तर हाती आले १९५४ मध्ये. मधल्या काळात जुन्या समजुती अनेकदा कोसळल्या. त्यांतले तीन आघात निर्णायक ठरले. तिन्ही वेळा कोणीतरी काळजीपूर्वक मोजले आणि जे बदलायलाच हवे असे सर्वांनी गृहीत धरले होते, ते बदलतच नाही असे दाखवून दिले.

फुगणारा स्नायू

ॲरिस्टॉटलच्या मते मांस हे स्पर्शज्ञानाचे माध्यम होते; हालचालीशी त्याने मांसाचा संबंध जोडला नव्हता. पुढे इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे मानवी शवविच्छेदन सुरू झाले आणि हेरोफिलस व एरासिस्ट्रेटस या वैद्यांनी मज्जातंतूंचा माग मेंदूपर्यंत काढला. एरासिस्ट्रेटसने असा तर्क केला की मज्जातंतूंतून ‘न्यूमा’ नावाचे सूक्ष्म वायुरूप तत्त्व स्नायूत शिरते. त्यामुळे स्नायू रुंदीने वाढतो आणि तेवढाच लांबीने कमी होतो. दंड वळवला की तो फुगलेला दिसतो, हातालाही तसाच लागतो. डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीचे हे सरळ स्पष्टीकरण असल्यामुळे ते फार काळ टिकले.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेनने त्याला प्रयोगांचे बळ दिले. आशिया मायनरमधील पर्गामम या आपल्या गावी तो आखाड्यात लढणाऱ्या ग्लॅडिएटरांचा वैद्य होता आणि उघड्या जखमांतून त्याला स्नायू, कंडरा व मज्जातंतू पाहायला मिळत. मज्जातंतू कापला किंवा बांधला की त्याच्या ताब्यातला स्नायू लुळा पडतो, हे त्याने जनावरांवर दाखवले. डुकराच्या स्वरयंत्राकडे जाणारा मज्जातंतू बांधल्यावर त्याचे ओरडणे एकदम थांबे. स्नायू विरुद्ध जोड्यांनी काम करतात, हेही त्याने नोंदवले. मेंदूतून काहीतरी वाहत येते आणि स्नायूला चालवते, हा त्याचा निष्कर्ष पुढे जवळजवळ चौदाशे वर्षे युरोप आणि अरबी जगातल्या वैद्यकात प्रमाण राहिला.

१५४३ मध्ये आंद्रेआस व्हेसेलियस यांचा शरीररचनेवरील भव्य ग्रंथ बाझेलला छापला गेला आणि स्नायूंची रचना तपशिलाने लोकांसमोर आली. रचना नवी कळली, तरी क्रियेची कल्पना जुनीच होती. रने देकार्त यांच्या मृत्यूनंतर १६६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात शरीर हे एक यंत्र मानले आहे, पण त्या यंत्रातही पोकळ मज्जातंतूंतून सूक्ष्म द्रव्य वाहते आणि स्नायू फुगवते.

पहिले मोजमाप : घनफळ

हे फुगणे खरे असेल तर आखडताना स्नायूचे घनफळ वाढायला हवे. ते मोजून पाहण्याचे श्रेय ॲम्स्टरडॅमच्या यान स्वामरडॅम यांचे. कीटकांच्या विच्छेदनासाठी प्रसिद्ध असलेल्या या संशोधकाने १६६० च्या दशकात बेडकावर प्रयोग केले. त्यांनी मांडीचा स्नायू त्याच्या मज्जातंतूसह शरीरापासून वेगळा काढला. मज्जातंतूला चिमटा घेताच स्नायू आखडला. मेंदूशी संबंध तुटलेला असूनही आकुंचन झाले, म्हणजे मेंदूतून काही वाहत येण्याची गरज नव्हती.

दुसरा प्रयोग अधिक नाजूक होता. स्नायू काचेच्या नळीत बंद केला. नळीचे टोक अतिशय अरुंद केले आणि त्यात पाण्याचा एक थेंब ठेवला. मज्जातंतूला जोडलेली तार बाहेरून ओढली की स्नायू आखडे. स्नायू फुगत असेल तर आतली हवा दाबली जाऊन थेंब वर सरकायला हवा होता. थेंब वर सरकला नाही. स्नायू जाड होतो तो केवळ आखूड झाल्यामुळे; त्याचे एकूण घनफळ तेवढेच राहते.

हा निष्कर्ष मात्र त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. स्वामरडॅम १६८० मध्ये वारले. त्यांची हस्तलिखिते लायडनचे प्रख्यात वैद्य हेर्मान बूरहावे यांनी मिळवली आणि १७३७-३८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तोपर्यंत इतरही याच निष्कर्षाला पोहोचले होते. डॅनिश शरीरशास्त्रज्ञ निल्स स्टेनसन यांनी १६६७ मध्ये फ्लॉरेन्सला छापलेल्या पुस्तकात भूमितीच्या आधारे दाखवले की तिरप्या तंतूंनी बनलेला स्नायू घनफळ न वाढताही फुगल्यासारखा दिसू शकतो. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस ग्लिसन यांनी १६७७ च्या ग्रंथात पाण्याने भरलेल्या नळीत माणसाचा हात घालून केलेल्या प्रयोगाचे वर्णन केले. दंड आवळल्यावर पाण्याची पातळी वर चढली नाही. उलट किंचित खाली गेली.

हाडांच्या तरफा

स्नायू कशाने आखडतो हे कळत नसले, तरी त्याला किती जोर लावावा लागतो हे गणिताने काढता येत होते. गॅलिलिओ यांनी १६३८ च्या आपल्या शेवटच्या ग्रंथात हाडांच्या बळकटीचा विचार केला होता. प्राणी आकाराने मोठा होत जातो तसे त्याचे वजन हाडाच्या छेदाच्या क्षेत्रफळापेक्षा वेगाने वाढते, म्हणून मोठ्या प्राण्याचे हाड प्रमाणाबाहेर जाड असावे लागते, हे त्यांनी दाखवले. त्यांच्याच परंपरेतले गणितज्ञ जोव्हान्नी आल्फोन्सो बोरेल्ली यांनी हे यांत्रिकीचे नियम चालत्या-फिरत्या शरीराला लावले.

नेपल्सचे बोरेल्ली उतारवयात रोममध्ये राहत होते आणि सिंहासन सोडून तिथे आलेल्या स्वीडनच्या राणी क्रिस्टीना यांचा त्यांना आश्रय होता. १६७९ च्या अखेरीस त्यांचे निधन झाले आणि ‘दे मोतू अनिमालियुम’ हा प्राण्यांच्या हालचालींवरील त्यांचा ग्रंथ १६८०-८१ मध्ये दोन भागांत निघाला. हाड ही तरफ, सांधा हा टेकू आणि स्नायू हा बल लावणारा घटक, अशी त्यांची मांडणी होती. थोड्या बळाने मोठे वजन उचलता यावे म्हणून निसर्गाने तरफा योजल्या असाव्यात, असा तोवरचा समज होता. बोरेल्लींच्या हिशोबाने तो उलटला. स्नायू सांध्याच्या अगदी जवळ जोडलेला असतो आणि वजन दूर टोकाला. दंडाचा स्नायू कोपरापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर जोडलेला असतो, तर तळहात ३५ सेंटिमीटरवर. म्हणून हातातल्या वजनाच्या साधारण सातपट जोर स्नायूला लावावा लागतो. त्या बदल्यात शरीराला वेग आणि पल्ला मिळतो : स्नायू जरासा आखडला तरी हात मोठा पल्ला फिरतो. फळीवर माणसाला आडवे झोपवून आणि फळी धारेवर तोलून त्यांनी शरीराचा गुरुत्वमध्यही शोधला.

आकुंचनाच्या कारणाबाबत मात्र बोरेल्लीही जुन्या वाटेवरच राहिले. जिवंत प्राण्याचा स्नायू पाण्याखाली चिरून त्यांनी पाहिले. बुडबुडे आले नाहीत. स्नायूत वायू शिरत नाही हे त्यांनी मान्य केले, पण मज्जातंतूतला रस आणि रक्त यांच्या मिश्रणाने आत फसफस होत असावी असे सुचवले.

विजेपासून रसायनापर्यंत

अठराव्या शतकात गटिंगेनचे आल्ब्रेख्त फॉन हालर यांनी सिद्ध केले की आखडण्याची क्षमता स्नायूच्या स्वतःच्या अंगी असते. मज्जातंतू फक्त इशारा देतो. हा इशारा विजेचा असावा हे बोलोन्याचे लुइजी गाल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवरील प्रयोगांतून १७९१ मध्ये मांडले. आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी त्याला विरोध केला आणि त्या वादातून १८०० मध्ये विजेची पहिली बॅटरी जन्मली. १८५० मध्ये हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून जाणाऱ्या इशाऱ्याचा वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे ३० मीटर निघाला. इतका मंद वेग कोणालाच अपेक्षित नव्हता.

आता प्रश्न ऊर्जेचा होता. थकलेल्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साठते, हे केंब्रिजमध्ये वॉल्टर फ्लेचर आणि फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी १९०७ मध्ये नेमकेपणाने मोजले. आर्चिबाल्ड हिल यांनी आकुंचनात निघणारी उष्णता आणि ऑटो मायरहोफ यांनी त्यामागची रासायनिक देवघेव तपासली. दोघांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लॅक्टिक आम्ल तयार होते म्हणूनच स्नायू आखडतो, अशी जवळजवळ सर्वमान्य समजूत झाली.

१९३० मध्ये कोपनहेगनचे आयनार लुंडस्गार्ड यांनी आयोडोॲसिटिक आम्लाने विषबाधा केलेल्या स्नायूंचा अभ्यास केला. या विषाने लॅक्टिक आम्लाची निर्मिती पूर्ण बंद होते. तरीही ते स्नायू काही काळ व्यवस्थित आखडत होते. लॅक्टिक आम्लाचे प्रमाण जराही वाढले नव्हते. घटले होते ते फॉस्फोक्रिएटिन. हा पदार्थ अवघ्या तीन वर्षांपूर्वी, १९२७ मध्ये, सापडला होता आणि त्याच्या शोधकांत हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासोबत काम करणारे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेल्या सुब्बाराव यांनी फिस्क यांच्यासह १९२९ मध्ये स्नायूतून एटीपी हा पदार्थही वेगळा काढला. त्याच वर्षी मायरहोफ यांच्या प्रयोगशाळेत कार्ल लोमान यांनी तो स्वतंत्रपणे शोधला होता. लुंडस्गार्ड यांचा निष्कर्ष हिल यांनी मोकळेपणाने मान्य केला आणि १९३२ च्या लेखात त्याला स्नायुविज्ञानातील क्रांती म्हटले. लॅक्टिक आम्लाचा सिद्धांत संपला. आकुंचनाला थेट ऊर्जा एटीपी पुरवते, हे त्यानंतरच्या दशकात स्पष्ट झाले.

सेगेडमधले धागे

१८६४ मध्ये विल्हेल्म कूने यांनी स्नायूतून एक चिकट प्रथिन काढून त्याला मायोसिन हे नाव दिले होते. १९३९ मध्ये मॉस्कोचे व्लादिमीर एंगेलहार्ट आणि मिलित्सा ल्युबिमोवा यांनी दाखवले की मायोसिन स्वतःच एटीपीचे विघटन करते. ज्याला केवळ घडणीचे द्रव्य समजले जात होते तेच ऊर्जा खर्च करणारे विकरही होते.

महायुद्धाच्या धुमश्चक्रीत हंगेरीतील सेगेड विद्यापीठात आल्बेर्ट सेंट-ज्यॉर्जी यांच्या गटाने हा धागा उचलला. क जीवनसत्त्वाच्या संशोधनासाठी त्यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळालेले होते. त्यांनी मायोसिनचे द्रावण बारीक छिद्रातून सोडून त्याचे धागे बनवले आणि त्यांवर एटीपी टाकले. काचपट्टीवर ते निर्जीव धागे आखडले. इलोना बंगा यांच्या निरीक्षणांतून लक्षात आले की स्नायू किती वेळ द्रावणात ठेवला यावर निघणाऱ्या मायोसिनचे गुणधर्म अवलंबून असतात. ब्रूनो स्ट्राउब यांनी त्याचे कारण शोधले : दुसरे एक प्रथिन मिसळलेले होते. त्याला ॲक्टिन हे नाव मिळाले. हे सर्व १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला घडले. युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात नाझीविरोधी हालचालींमुळे सेंट-ज्यॉर्जी यांना गेस्टापोपासून लपून राहावे लागले. पुढे ते अमेरिकेत गेले आणि तिथे त्यांनी ग्लिसरॉलमध्ये स्नायू टिकवण्याची पद्धत रूढ केली. असा स्नायू थंड जागी महिनोन्महिने ठेवून, नंतर एटीपी दिले तरी आखडतो. पुढच्या शोधाला हीच पद्धत उपयोगी पडली.

दोन प्रथिने आणि इंधन कळले, पण यंत्रणा कळली नव्हती. लोकर आणि केसांतील प्रथिनांचे रेणू दुमडतात आणि उलगडतात, हे लीड्समध्ये विल्यम ॲस्टबरी यांनी दाखवले होते. त्यावरून स्नायूतले लांब रेणूही दुमडून आखूड होत असावेत असे बहुतेकांना वाटत होते. लायनस पॉलिंग यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञाचाही कल तिकडेच होता.

१९५४ : न बदलणारा पट्टा

हात-पाय हलवणाऱ्या स्नायूंच्या तंतूंवर आडवे पट्टे असतात, हे सतराव्या शतकात लेव्हेनहूक यांनी पाहिले होते आणि १८४० मध्ये विल्यम बोमन यांनी तपशिलाने वर्णिले होते. एकाआड एक गडद आणि फिकट पट्टे, आणि फिकट पट्ट्याच्या मधोमध एक बारीक रेघ. दोन रेघांमधले अंतर सुमारे २ ते २.५ मायक्रोमीटर, हेच स्नायूचे मूळ एकक. एकोणिसाव्या शतकातल्या काही निरीक्षकांनी आकुंचनात गडद पट्टा तेवढाच राहतो असे लिहूनही ठेवले होते, पण नंतर ते विस्मरणात गेले. दोन रेघांमधले अंतर साध्या सूक्ष्मदर्शकाच्या क्षमतेच्या जेमतेम दहापट. पट्ट्यांच्या कडा फसव्या दिसत, त्यामुळे जुन्या निरीक्षणांवर कोणाचा भरवसा नव्हता.

केंब्रिजमध्ये ह्यू हक्सली यांनी जिवंत स्नायूतून क्ष-किरण पाठवून आत तंतूंची षट्‌कोनी मांडणी असल्याचे शोधले. १९५२ मध्ये ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक शिकण्यासाठी अमेरिकेतल्या एमआयटीत गेले. लंडनच्या किंग्ज कॉलेजातून जीन हॅन्सन त्याच प्रयोगशाळेत आल्या. सुट्या स्नायुतंतुकांचे निरीक्षण करण्यात त्यांचा हातखंडा होता. दोघांनी ग्लिसरॉलमधल्या सशाच्या स्नायूतून मायोसिन धुऊन काढले; गडद पट्टे नाहीसे झाले. म्हणजे गडद पट्टा मायोसिनच्या जाड तंतूंचा आणि फिकट पट्ट्यातून निघून त्यात शिरणारे बारीक तंतू ॲक्टिनचे. मग एटीपी देऊन त्यांनी आकुंचन घडवले आणि रुंदी मोजली. फिकट पट्टा अरुंद होत गेला. गडद पट्टा सुमारे १.५ मायक्रोमीटरच राहिला.

त्याच सुमारास केंब्रिजला अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ नीडरगेर्के बेडकाच्या जिवंत तंतूवर काम करत होते. मज्जातंतूतील विद्युत्‌लहरींच्या ज्या संशोधनासाठी अँड्र्यू यांना पुढे १९६३ मध्ये नोबेल मिळाले, ते त्यांनी नुकतेच पूर्ण केले होते. पट्ट्यांच्या कडा खऱ्या दिसाव्यात म्हणून त्यांनी स्वतः खास व्यतिकरण सूक्ष्मदर्शक बनवला. त्यांनाही गडद पट्टा स्थिर आढळला. दोन्ही हक्सलींचे आपसांत नाते नव्हते. दोन्ही गटांचे लेख २२ मे १९५४ च्या ‘नेचर’च्या अंकात एकापाठोपाठ छापले गेले.

गडद पट्ट्याची रुंदी बदलत नाही याचा अर्थ जाड तंतू आखूड होत नाहीत. बारीक तंतूही होत नाहीत. दोन हातांची बोटे एकमेकांत सरकवावीत तसे ते एकमेकांत सरकतात. बोटे तेवढीच राहतात, फक्त तळवे जवळ येतात. स्नायू आखडतो, पण त्यातला कोणताही तंतू आखडत नाही.

सरकण्यामागचे बळ

सरकवतो कोण, याचे उत्तर १९५७ मध्ये दिसू लागले. ह्यू हक्सली यांच्या इलेक्ट्रॉन छायाचित्रांत जाड तंतूंवरून बारीक तंतूंकडे गेलेले छोटे पूल दिसले. ते मायोसिन रेणूंची डोकी होती. डोके ॲक्टिनला चिकटते, वळते, तंतू ओढते, एटीपी मिळताच सुटते आणि पुढच्या जागी पुन्हा चिकटते. एटीपी संपले तर ते सुटत नाही. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठरते ते याच कारणाने.

कल्पनेची खडतर कसोटी १९६६ मध्ये लंडनला झाली. जाड तंतू १.६ मायक्रोमीटर लांब आणि दोन्ही बाजूंचे बारीक तंतू प्रत्येकी सुमारे १ मायक्रोमीटर. म्हणजे एकक ताणून ३.६ मायक्रोमीटरपर्यंत नेले तर तंतू एकमेकांपासून पूर्ण सुटायला हवेत आणि जोर शून्य व्हायला हवा. ए. एम. गॉर्डन, अँड्र्यू हक्सली आणि एफ. जे. जूलियन यांनी बेडकाच्या एकेका तंतूवर मोजले. जोर २.० ते २.२ मायक्रोमीटरवर सर्वाधिक होता, पुढे सरळ रेषेत घटत गेला आणि ३.६५ वर शून्य झाला. त्याच दशकात टोकियोचे सेत्सुरो एबाशी यांनी आकुंचन सुरू करणारी कळ ओळखली. मज्जातंतूचा इशारा आला की तंतूंभोवती कॅल्शियम सोडले जाते, ते ट्रोपोनिन या प्रथिनाला जोडले जाते आणि ॲक्टिनवरच्या जागा मोकळ्या होतात.

वनस्पतींच्या पेशींत तीच यंत्रणा

वनस्पतींच्या पेशींना सेल्युलोजची कडक भिंत असते आणि आतल्या पाण्याच्या दाबाने पेशी ताठ राहतात. आधाराची ही पद्धत वेगळी आहे. लाजाळूची पाने मिटतात तीही पानांच्या सांध्यातील पेशींतून पाणी बाहेर गेल्यामुळे. स्नायूसारखे तिथे काही नसते. पण पेशीच्या आत हालचाल चालूच असते. १७७४ मध्ये इटलीतील बोनाव्हेंतुरा कोर्ती यांनी कारा या पाणवनस्पतीच्या पेशीत जीवद्रव्य सतत फिरत असल्याचे पाहिले होते. १९८३ मध्ये स्टॅनफर्डला मायकेल शीट्झ आणि जेम्स स्पुडिच यांनी कारासारख्याच निटेला या शैवालाची पेशी उघडून त्यातले ॲक्टिनचे धागे मोकळे केले आणि त्यांवर मायोसिन लावलेले सूक्ष्म मणी सोडले. मणी एकाच दिशेने धावू लागले. प्राण्याच्या स्नायूतले मायोसिन शैवालाच्या ॲक्टिनवर चालत होते. हालचालीची ही जोडी प्राणी आणि वनस्पती यांचे मार्ग वेगळे होण्यापूर्वीची आहे, हे या प्रयोगाने डोळ्यांसमोर आणले. १९९४ मध्ये स्पुडिच यांच्या गटाने प्रकाशाच्या चिमट्यात धरून मायोसिनच्या एका रेणूची एक ओढ मोजली. ती सुमारे ११ नॅनोमीटर भरली.

रोगनिदानापर्यंत

१९९० मध्ये हृदयाचा स्नायू अवाजवी जाड होण्याच्या एका आनुवंशिक रोगाचे मूळ मायोसिनच्या जनुकातल्या दोषात सापडले. त्यानंतर या यंत्रणेतील इतर प्रथिनांचे दोषही उघड होत गेले. गडद पट्ट्यात मायोसिनला धरून राहणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकातला २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असला तर पुढील आयुष्यात हृदय निकामी होण्याचा धोका वाढतो. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांचा सहभाग असलेल्या २००९ च्या अभ्यासानुसार हा दोष भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो. जाड झालेल्या हृदयावर मायोसिनच्या डोक्यांना आवर घालणारे मावाकॅम्टेन हे औषध २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. एका वेळी ॲक्टिनला चिकटणाऱ्या डोक्यांची संख्या ते कमी करते आणि हृदयाचे आकुंचन प्रमाणात आणते.